वाचकांचे प्रश्न : भुईमुगाची शेंग मातीत जाते कशी?

खरिपाचा भुईमूग फुलावर आला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत भुईमुगाचीच पत्रे अधिक असतात. त्यांतील निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण पुढच्या बहुतेक शंका त्याच उत्तरातून उलगडत जातात.

वाई तालुक्यातील एक विज्ञान-शिक्षिका लिहितात : आमच्या शाळेशेजारच्या शेतातील भुईमुगाचा एक वेल मुलांनी उपटून पाहिला आणि वर्गात वाद सुरू झाला. काही मुलांचे म्हणणे असे की शेंगा मातीत असतात, त्या अर्थी त्या मुळांनाच लागल्या असणार, म्हणजे हा बटाट्यासारखाच प्रकार आहे. बाकीच्यांनी विचारले, की मग वर आलेली पिवळी फुले कशासाठी असतात? फुलातून फळ धरते असे आपण शिकवतो. ते भुईमुगाला कसे लागू करावे?

उत्तर : फुलांविषयी विचारणाऱ्या मुलांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. शेंगा मुळांना लागत नाहीत आणि बटाट्याशी त्यांचे काही साम्य नाही. बटाटा हे जमिनीखालच्या खोडाचे फुगलेले टोक असते आणि तो पोसण्यासाठी झाडाला फूल यावेच लागते असे नाही. भुईमुगाची शेंग मात्र तूर, वाटाणा किंवा घेवडा यांच्या शेंगेप्रमाणे फुलातूनच तयार होते. फरक एवढाच, की फलधारणा जमिनीच्या वर होते आणि शेंग जमिनीखाली भरते. मधला प्रवास कसा होतो, तेच पाहण्यासारखे आहे.

पेरणीनंतर साधारण २५ ते ३५ दिवसांनी पानांच्या बेचक्यांत फुले येऊ लागतात. फूल सूर्योदयाच्या सुमारास उमलते आणि दुपारपर्यंत मलूल होते, म्हणून मुलांना फुले दाखवायची असतील तर सकाळच्या तासाला शेतात नेणे बरे. परागीभवन बहुतांशी त्याच फुलातल्या परागकणांनी होते; त्यासाठी मधमाशीची वाट पाहावी लागत नाही. आता फुलाखाली जी बारीक, लांब दांडी दिसते तिला आपण सहज देठ समजतो, पण तो देठ नव्हे. ती एक पोकळ नळी असून फुलाचे अंडाशय तिच्या अगदी तळाशी, पानाच्या बेचक्यात दडलेले असते. सारा गोंधळ इथेच होतो, कारण पिवळ्या पाकळ्या आणि ती नळी सुकून गळून पडली की वर काहीच शिल्लक दिसत नाही आणि पाहणाऱ्याला वाटते की फूल वांझ गेले. प्रत्यक्षात बीजधारणा होऊन गेलेली असते आणि काम बेचक्यात सुरू झालेले असते.

फलनानंतर चार-सहा दिवसांत अंडाशयाच्या बुडाशी असलेल्या पेशी झपाट्याने वाढू लागतात आणि बेचक्यातून एक टोकदार, जांभळट हिरवी काडी बाहेर येते. शेतकरी तिला आरी म्हणतात आणि पीक या अवस्थेत आले की ‘आऱ्या सुटल्या’ असे सांगतात. आरी दिसायला मुळासारखी असली तरी ती मूळ नाही. सुईच्या अणीसारख्या तिच्या टोकात फलित अंडाशय असते आणि मागच्या बाजूने वाढ होत ते टोक खाली ढकलले जाते. गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने वाढणे हा तिचा धर्म आहे. फांदी कोणत्याही अंगाला कललेली असो, आरी वळून जमिनीकडेच येते. या सगळ्या काळात आतला गर्भ वाढ थांबवून असतो. फूल आल्यापासून सुमारे आठ ते चौदा दिवसांत आरी जमिनीत शिरते, एक ते अडीच इंच खोल जाते आणि मग तिचे टोक आडवे होते. अंधार आणि मातीचा स्पर्श या दोन गोष्टी मिळाल्या, की थांबलेला गर्भ पुन्हा वाढू लागतो आणि टोक फुगून शेंगेचा आकार घेऊ लागते. हवेत लोंबकळत राहिलेल्या आरीला शेंग धरत नाही. म्हणूनच जमिनीपासून सहा इंचांहून उंच आलेल्या फुलांच्या आऱ्या बहुधा मातीपर्यंत पोचत नाहीत आणि टोकाकडून वाळून जातात.

शेंग भरण्याचा क्रमही मुलांना दाखवता येईल. आधी टरफल तयार होते, दाणा नंतर. आरी मातीत शिरल्यावर सुमारे तीन आठवड्यांत टरफलाला पूर्ण आकार येतो, पण त्या वेळी ती शेंग फोडली तर आत पांढरा, ओलसर, स्पंजासारखा गर आणि त्यात अगदी बारीक दाणे दिसतात. दाणे मोठे होत जातात तसतसा हा गर आटतो आणि टरफल कोरडे, जाळीदार होते. आरी जमिनीत गेल्यापासून शेंग पक्व होण्यास साधारण दोन महिने लागतात. फुले मात्र कित्येक आठवडे येतच राहतात, त्यामुळे एकाच वेलावर आज उमललेले फूल, लोंबणारी आरी, गरभरली कोवळी शेंग आणि जून शेंग या सगळ्या अवस्था एकाच वेळी सापडतात. येणाऱ्या फुलांपैकी फार तर पाचात एखाद्याची शेंग होते.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. सकाळी उमललेल्या काही फुलांच्या बेचक्यांजवळ, फांदीवर, रंगीत दोरा सैल बांधावा. एका दिवसाच्या फुलांना एकच रंग. मग दर दोन दिवसांनी मुलांनी तिथे काय दिसते ते वहीत लिहावे आणि आरीची लांबी मोजावी. जमिनीत शिरलेल्या आऱ्यांपैकी एखादीच आठवड्याने हलक्या हाताने उकरून पाहिली, तर मातीतील भाग पांढरा पडलेला आणि टोक आडवे झालेले आढळेल. उंचावरच्या एखाद्या आरीखाली मातीने भरलेली करवंटी टेकवून ठेवली, तर एरवी वाया जाणारी ती आरी करवंटीतही शेंग धरू शकते, हे पाहून मुळांविषयीचा वाद आपोआप मिटेल.

वनस्पतीने हा उपद्व्याप का करावा, असेही मुले विचारतील. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतील, आजच्या बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या पट्ट्यातील. त्याचे रानटी भाऊबंदही आपल्या शेंगा अशाच मातीत पुरतात. कोरड्या ऋतूत बी जमिनीत सुरक्षित राहावे, असा त्याचा फायदा सांगता येतो. आपल्याकडील रानडुकरे मात्र या युक्तीला फारशी दाद देत नाहीत, हे पाटण, जावळीकडच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

शिराळा तालुक्यातील एक शेतकरी विचारतात : आमचा भुईमूग गुडघ्याला लागला, रंग हिरवागार होता, युरियाचे दोन हप्ते दिले होते. उपटला तेव्हा शेंगा दिसायला भरपूर, पण निम्म्या पोचट निघाल्या. दुकानदार म्हणाले की जिप्सम टाकायला हवे होते. जमिनीत चुना असेल तर तो मुळांतून मिळत नाही का?

उत्तर : मुळांतून मिळतो, पण शेंगेला मिळत नाही. आपल्या प्रश्नाचे सारे मर्म इथे आहे, म्हणून ते थोडे सोडवून सांगतो.

मुळांनी शोषलेले कॅल्शियम, म्हणजे चुन्यातील पोषक द्रव्य, पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते आणि जिथून पाणी हवेत उडून जाते तिथे, म्हणजे मुख्यतः पानांत, जाऊन पोचते. एकदा पानात बसलेले कॅल्शियम तिथून परत खाली येत नाही. शेंग जमिनीखाली असल्याने तिच्यातून पाण्याचे बाष्पीभवन जवळपास होत नाही आणि त्यामुळे हा प्रवाह तिच्याकडे वळतच नाही. साखर आणि नत्र तिला आरीतून वेलाकडून मिळते. कॅल्शियम मात्र तिला आपल्या सालीतून भोवतालच्या मातीतूनच घ्यावे लागते. शेंगेभोवतीच्या त्या दोन-तीन इंचांच्या थरात विरघळलेले कॅल्शियम नसेल, तर वेल कितीही तजेलदार असला तरी टरफल तयार होते आणि दाणा धरत नाही, किंवा धरला तरी सुरकुततो. अशा दाण्याच्या दोन पाकळ्या उघडून पाहिल्या तर मधला कोंब काळपट पडलेला दिसतो. (दाणा वरून भरलेला, पण पाकळीच्या आतल्या बाजूला खोलगट तपकिरी पोकळी असेल, तर तो दोष कॅल्शियमचा नसून बोरॉनच्या कमतरतेचा असतो.) शिराळ्याच्या पश्चिम भागात पाऊस जास्त असतो, तेथील तांबड्या, हलक्या जमिनीतून चुना धुपून जातो आणि म्हणून ही तक्रार तिकडून अधिक येते.

जिप्सममध्ये कॅल्शियमबरोबर गंधकही असते आणि ते नुसत्या चुन्यापेक्षा लवकर विरघळते, म्हणून या कामासाठी तेच सोयीचे. शिफारस हेक्टरी ४०० किलोची आहे. अर्धे पेरणीच्या वेळी आणि अर्धे आऱ्या सुटताना द्यावे. एकरी हिशेब साधारण १६० किलोचा होतो. दुसरा हप्ता महत्त्वाचा, आणि तो कुठे पडतो हे त्याहून महत्त्वाचे. दोन ओळींच्या मधोमध फेकलेले जिप्सम शेंगांच्या फारसे उपयोगी पडत नाही; पाने कोरडी असताना ते वेलाच्या बुडाशी, जिथे आऱ्या उतरणार आहेत तिथे, ओळीने पडले पाहिजे आणि हलक्या हाताने मातीत मिसळले पाहिजे. वरचा थर कोरडा पडला तर कॅल्शियम विरघळतच नाही. तेव्हा मुळांशी ओल आहे म्हणून आऱ्यांच्या वेळचे पाणी लांबवू नये.

आता युरियाविषयी. भुईमूग शेंगवर्गीय आहे. त्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. सुरुवातीच्या वाढीसाठी हेक्टरी २५ किलो नत्र, म्हणजे एकरी युरियाची जेमतेम अर्धी गोणी, आणि हेक्टरी ५० किलो स्फुरद पुरेसे होते. त्यापुढे युरिया घातला की वेल माजतो, गाठी सुस्तावतात आणि वर वाढलेल्या पेऱ्यांवरच्या आऱ्या मातीपासून लांब राहतात. पुढच्या वेळी पेरणीआधी बियाण्याला दर १० किलोस २५० ग्रॅम रायझोबियम, म्हणजे याच जिवाणूंचे खत, चोळावे. महिन्याभराने एखादे रोप मातीसह अलगद काढून मुळावरची गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-लालसर दिसले तर ती काम करते आहे; पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

कराड तालुक्यातून एका तरुण शेतकऱ्याचे पत्र : आमच्या भागात भुईमुगावरून रिकामा ड्रम फिरवतात. वडील म्हणतात, त्याने शेंगा वाढतात. आजोबा म्हणतात, आमच्या काळी असले काही नव्हते. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही म्हणणे आपापल्या वाणापुरते बरोबर आहे. आजोबांच्या काळी आपल्याकडे पसरी वाण अधिक होते. कराडचे नाव लावणारे ‘कराड ४-११’ हे त्यांपैकीच. पसरी वेलाच्या फांद्या जमिनीला टेकून वाढतात, त्यामुळे आरीला फार अंतर कापावे लागत नाही आणि ड्रमचा प्रश्नच उद्भवत नाही. आताचे एसबी-११, फुले प्रगती, किंवा भाभा अणुसंशोधन केंद्राने काढलेले टीएजी-२४ यांसारखे वाण उपटी आहेत. त्यांच्या फांद्या उभ्या राहतात आणि वरच्या आऱ्या अधांतरी राहतात. आऱ्या सुटल्यावर, पेरणीपासून ४० ते ५० दिवसांच्या दरम्यान, २०० लिटरचा रिकामा ड्रम फिरवला की फांद्या थोड्या वाकतात आणि काही आऱ्या मातीला टेकतात.

त्याच्याकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. उपटी वाणांत उत्पन्नाचा मोठा भाग बुडाजवळच्या पहिल्या पेऱ्यांवर, लवकर आलेल्या फुलांतून येतो. या फुलांच्या आऱ्या ड्रमवाचूनही मातीत जातात. उशिरा आलेल्या, उंचावरच्या आऱ्या ड्रमने मातीत गेल्या तरी त्यांना पक्व व्हायला दोन महिने हवेत आणि तोवर काढणीची वेळ होते. तेव्हा ड्रम फिरवायचाच तर वेळेवर, पाने कोरडी असताना आणि जमिनीत वाफसा असताना फिरवावा. चिखलात फिरवला तर फांद्या मोडतात आणि वरचा थर दाबून बसतो.

माझ्या मते ड्रमपेक्षा अधिक फळ देणारी गोष्ट म्हणजे भांगलण आणि कोळपणी वेळेत उरकणे. आऱ्या सुटण्यापूर्वी शेवटची कोळपणी करून वेलाच्या बुडाशी मातीची हलकी भर द्यावी, म्हणजे माती भुसभुशीत होते आणि वरही येते. आऱ्या मातीत शिरल्यानंतर कोळपे चालवणे म्हणजे धरलेल्या शेंगा आपल्या हाताने तोडणे होय. त्यानंतर दिसलेले तण हाताने उपटावे आणि तेही वेल न हलवता.

जत तालुक्यातील एका वाचकाची शंका : उन्हाळी भुईमुगाची पाने पिवळी पडत आहेत. पाणी, खत सगळे वेळेवर आहे. हा रोग आहे की काय?

उत्तर : कोणती पाने पिवळी पडत आहेत, हे आपण लिहिले नाही आणि निदान त्यावरच अवलंबून आहे. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या असतील, तर ही लोहाची कमतरता. आपल्या पूर्व भागातील चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. पाणी जास्त झाले की ही अडचण आणखी वाढते. अर्धा टक्का फेरस सल्फेट, म्हणजे १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम, आणि त्यात थोडे सायट्रिक ॲसिड घालून सायंकाळी फवारावे. गरज वाटल्यास आठ-दहा दिवसांनी पुन्हा. पाण्याच्या दोन पाळ्यांतील अंतर थोडे वाढवावे. पुढील हंगामात सपाट वाफ्याऐवजी रुंद वरंब्यावर पेरणी केल्यास निचरा सुधारतो आणि आऱ्यांना मऊ माती मिळते, असा दुहेरी लाभ आहे.

खालची जुनी पाने फिकट पडत असतील तर मुळांवरच्या गाठी तपासाव्यात. शेतात ठिकठिकाणी झाडे सुकून पिवळी पडत असतील आणि ओढताच सहज हातात येत असतील, तर मुळाशी उकरून हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, आहे का ते आधी पाहावे.

चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमची उणीव सहसा नसते. तरीही जिप्सम दिल्याने गंधक मिळते आणि तेलबियांना ते लागतेच, म्हणून ते व्यर्थ जात नाही.

सांगली शहरातील एक आजी विचारतात : नातवंडांना दाखवण्यासाठी गच्चीवर कुंडीत भुईमूग लावला. बाजारातले दाणे पेरले, एकही उगवला नाही. दाणे चांगले टपोरे होते.

उत्तर : भाजलेले किंवा खारे दाणे उगवत नाहीत हे आपणांस ठाऊक असेलच, पण सोललेले कच्चे दाणेही पुष्कळदा दगा देतात. यंत्राने फोडताना दाण्याचे तांबडे साल निघते, टोकाचा कोंब दुखावतो, आणि सोलल्यावर उगवणशक्ती लवकर कमी होते. म्हणून यंदाच्याच हंगामातील अख्ख्या शेंगा आणाव्यात, लावायच्या दिवशी हाताने सोलाव्यात आणि साल न निघालेले दाणे दोन इंचांच्या आत पेरावेत. उन्हात आणि उबेत सहा ते दहा दिवसांत उगवण दिसते. कडाक्याच्या थंडीत लावू नये. कुंडी खोल असण्यापेक्षा रुंद असावी आणि एका कुंडीत एकच रोप ठेवावे, कारण फांद्या काठाबाहेर गेल्या की आऱ्या गच्चीच्या फरशीकडे लोंबत राहतात. माती भुसभुशीत ठेवावी. वर घट्ट पापुद्रा धरू देऊ नये.

पाटण तालुक्यातील एक शेतकरी भगिनी लिहितात : मागील खरिपात काढणीच्या ऐन वेळी पाऊस लागला. चार दिवस थांबलो, तर शेंगांतले दाणे जमिनीतच मोडावले. त्याआधी शेजाऱ्यांनी घाईने काढला, त्यांचे दाणे सुरकुतले. नेमकी वेळ ओळखावी कशी?

उत्तर : दिवस मोजून अंदाज येतो, निर्णय होत नाही. उपटी वाण साधारण १०० ते ११० दिवसांत आणि पसरी वाण १२० ते १३५ दिवसांत तयार होतात, पण पाऊस, थंडी आणि जमीन यांप्रमाणे आठ-दहा दिवस सहज मागेपुढे होते. पाने पिवळी पडणे ही खूणही फसवी आहे, कारण टिक्का किंवा तांबेरा हा रोग पडला तरी पाने पिवळी पडून गळतात. खरी खूण शेंगेच्या आत असते. शेताच्या वेगवेगळ्या भागांतून चार-पाच वेल उपटावेत, त्यांच्या सगळ्या शेंगा फोडाव्यात आणि टरफलाची आतली बाजू पाहावी. कोवळ्या शेंगेत ती पांढरी असते. शेंग पक्व होत जाते तशी तिच्यावर तपकिरी डाग पडतात आणि शेवटी ती काळपट होते. शंभरात ७५ ते ८० शेंगांची आतली बाजू अशी काळपट झाली, दाण्याच्या सालीला वाणाचा रंग चढला, की काढणीला हात घालावा. सगळ्या शेंगा काळ्या पडण्याची वाट पाहू नये. फुले टप्प्याटप्प्याने आलेली असल्याने सगळ्या शेंगा एकाच दिवशी पक्व होणे शक्य नसते, आणि वाट पाहण्याच्या भरात पहिल्या, सर्वांत भरलेल्या शेंगांच्या आऱ्या कुजून त्या शेंगा जमिनीतच राहतात. मग त्या सरव्याला जातात, नाहीतर उंदरांना.

आपले दाणे मोडावले याचे कारण वाणात आहे. उपटी वाणांच्या बियांना पसरी वाणांसारखी सुप्तावस्था नसते. पसरी वाणाचे ताजे बी काही आठवडे उगवत नाही. उपटी वाणाचे पक्व बी मात्र ओल मिळताच जमिनीतच कोंब फोडते. पाऊस रेंगाळणाऱ्या आपल्या भागात खरिपासाठी निमपसरी वाण किंवा थोडी सुप्तावस्था असलेले नवे उपटी वाण निवडणे शहाणपणाचे ठरेल. बियाणे घेताना ही चौकशी अवश्य करावी. पेरणीस उशीर न करणेही तितकेच महत्त्वाचे आहे.

काढलेले वेल शेंगा वर येतील असे उलटे करून दोन-तीन दिवस वाळवावेत, मग शेंगा तोडाव्यात. ढीग घालून ठेवू नयेत. ओल्या शेंगांचा ढीग आतून तापतो. तोडलेल्या शेंगा पातळ पसरून वाळवाव्यात, आणि मूठभर शेंगा कानाशी हलवल्यावर दाणे खुळखुळले, दाण्याची साल बोटाने चोळताच सुटली, की ओलावा साठवणीजोगा, म्हणजे आठ-नऊ टक्क्यांवर, आला असे समजावे. बियाण्यासाठी ठेवायच्या शेंगा मात्र कडक उन्हात टाकू नयेत आणि पेरणीपर्यंत फोडू नयेत.

सातारा शहरातील एक गृहिणी विचारतात : दाण्याचे कूट करताना काही दाणे कडवट लागतात. भाजले की दोष जातो असे म्हणतात, ते खरे का? आम्ही तेल घाण्यावरून काढून आणतो, त्यात काही धोका आहे का?

उत्तर : भाजल्याने दोष पूर्णपणे जात नाही. सुरकुतलेल्या, रंग बदललेल्या किंवा बुरशी आलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असण्याची शक्यता असते. ते ॲस्परजिलस फ्लेव्हस जातीच्या बुरशीपासून तयार होते आणि घरगुती उष्णतेला बऱ्याच अंशी टिकते. इंग्लंडमध्ये १९६० साली एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. त्यांना खाऊ घातलेल्या भुईमुगाच्या पेंडीत हे विष होते आणि त्या शोधातूनच त्याची ओळख जगाला झाली. दीर्घकाळ पोटात गेल्यास ते यकृताला घातक ठरते.

याची सुरुवात अनेकदा शेतातच होते. शेंगा भरण्याच्या शेवटच्या महिन्यात पाण्याचा ताण पडला, काढताना टरफलाला इजा झाली किंवा शेंगा ओल्या साठवल्या, की बुरशीला वाट मिळते. घरात करण्याजोगा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे निवडणे. कूट, चटणी किंवा म्हाद्या करण्यापूर्वी दाणे ताटात पसरून सुरकुतलेले, काळे पडलेले, फुटके आणि बुरशी धरलेले दाणे बाजूला काढावेत. कडवट दाणा तोंडात आलाच तर गिळू नये.

तेलाचे म्हणाल, तर तेल काढताना या विषाचा बहुतेक भाग पेंडीत राहतो, थोडा तेलात उतरतो. रिफाइन करताना तोही निघून जातो. घाण्याचे तेल रिफाइन केलेले नसते, म्हणून घाण्यावर नेण्याचे दाणे खाण्याच्या दाण्यांइतकेच काटेकोर निवडलेले असावेत. ‘तेलालाच तर न्यायचे आहेत’ म्हणून निवडून टाकलेले दाणे घाण्यात घालण्याची जी पद्धत काही घरांत दिसते, ती सोडून द्यावी. असे दाणे किंवा त्यांची पेंड दुभत्या जनावरांनाही घालू नये, कारण विषाचा काही अंश दुधात उतरतो.